देवी किती हळू वर यायला पाहिजे

५ सप्टेंबर

मिळाली! पहिली ऑर्डर मिळाली! आणि ती खिडकीच्या ग्रिलची नाही, दुकानाच्या शटरची नाही, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची तर नाहीच नाही. देवीची आहे!

नीट लिहिते, नाहीतर उद्या मलाच कळायचं नाही. कोहमाऱ्याच्या चौकात रत्नपालदादाचं वेल्डिंगचं शेड आहे. त्याच्या एका कोपऱ्यात माझं टेबल आणि वर पाटी, 'आचल डिझाइन्स'. पुण्याची नोकरी सोडून ही पाटी लावली तेव्हापासून लोक येतात, पाटी वाचतात आणि विचारतात, मॅडम, मेहंदी काढता का? आज दुपारी शेडसमोर एक जुनी मेटॅडोर थांबली. तिच्या अंगावर मोठ्ठ्या लाल अक्षरांत 'धानलक्ष्मी नाट्य मंडळी, सौंदड'. उतरले कोण, तर खुद्द मालक कैलाशभाऊ. मिशी काळीभोर आणि कानावरचे केस पांढरे, म्हणजे रंग मिशीपुरताच पुरला असावा.

त्यांचं नाटक आहे 'नणंद माझी ज्वालामुखी'. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली की रात्रभर चालतं. शेवटच्या अंकात, पहाटेच्या सुमाराला देवी प्रकट होते आणि नणंदेचं भस्म करते. देवीचं काम कैलाशभाऊंच्या बायकोचं, शामकलाबाईंचं. लहानपणी आईच्या मांडीवर झोपेतून उठून मी त्यांना पाहिलंय. विंगेतून गरगर नाचत यायच्या आणि मी घाबरून भोकाड पसरायचे. पण गेल्या वर्षी म्हणे देवी नुसतीच कोपऱ्यात उभी राहिली. सौंदडच्या मंडई कमिटीचे अध्यक्ष कवडूभाऊ भडकले. औंदा देवीत दम दिसला नाही तर नणंदेचं काम करते त्या रिंकूला देवी करा, म्हणाले, नाहीतर आमची तारीख दुसऱ्या मंडळीला. आणि सौंदडनं देवी बदलली की आजूबाजूची सगळी गावं तेच मागणार.

"म्हणून म्हटलं, औंदा देवी जमिनीतून वर आली पाह्यजे," कैलाशभाऊ म्हणाले. "एकदा का ती जमिनीतून वर आली मॅडम, मंग तिले नाचाची गरजच नाही."

काय कल्पना! काय नाट्यदृष्टी! मी तर खुर्चीवरून उडालेच. शामकलाबाई देवी राहणार की जाणार, हे आता माझ्या मशीनवर आहे. रत्नपालदादा कानाशी येऊन म्हणाला, "आधी कबूल नको करू, विचार कर." मी तोवर कबूल करून बसले होते.

८ सप्टेंबर

पुण्यात मी गाड्यांच्या सीटचं काम करायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, सीट आरामशीर पाहिजे. आता 'आरामशीर' काही वेल्डिंगला देता येत नाही. मग त्याला विचारत बसायचं, आरामशीर म्हणजे किती मऊ, किती तास, कोणाच्या पाठीला. शेवटी त्या बोलण्यासमोर एक आकडा लिहायचा, जो मोजून दाखवता येतो. बाकीच्यांना या कामाचा कंटाळा यायचा, मला वेड होतं. अजून आहे.

आज सौंदडला त्यांच्या घरी तेच करायला गेले. अंगणातच बैठक. कैलाशभाऊ, शामकलाबाई, रिंकू, तबलेवाले आणि शेजारचे चारपाच जण उगीचच. मी म्हटलं, देवी कशी वर आली पाहिजे ते सांगा. बापरे! सगळे एकदम सुटले. धूर पाहिजे. लाल लाइट पाहिजे. देवी वर येता येता गोल फिरली पाहिजे. बाजूला वाघ पाहिजे. वाघ! म्हटलं, नवेगाव बांधच्या जंगलातून बोलावून घ्या, मी त्याची सीट बनवून देते.

शामकलाबाई मात्र दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. चहा द्यायलाही उठल्या नाहीत, रिंकूच आणून राहिली होती. स्टार आहेत शेवटी. जवळ गेलं की निलगिरीच्या तेलाचा घमघमाट, सर्दी झाली असावी. सगळे बोलून बोलून थकले तेव्हा त्या बोलल्या.

"हळू आली पाह्यजे. धक्का नाही लागला पाह्यजे. अन् पायरी नको."

"पण स्टेजखालच्या खड्ड्यात उतरायला पाचसहा पायऱ्या तर लागतीलच ना?"

"पायरी नको म्हटलं ना वो पोरी. एक बी नको."

काऊन नको, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कलाकाराचा मूड कोण बिघडवणार? पण बसने परत येताना मला पटलं. देवी काय जिना उतरून पाताळात जाते? शोभतच नाही! म्हणून खड्ड्याला मागच्या बाजूनं लांब, हलका उतार काढायचा, बैलगाडी सहज उतरेल असा. देवी चालत येईल आणि वर उचलल्या जाणाऱ्या फळीवर सरळ उभी राहील. बाईंची सौंदर्यदृष्टी मानली मी.

आणि 'हळू'चा आकडा! तो तर ऐकण्यासारखा आहे. हळू म्हणजे किती, विचारलं तर बाई म्हणाल्या, हळू म्हणजे हळू. कैलाशभाऊ उठले, घरातून ऑर्गन आणला आणि एक आलाप घेतला. शामकलाबाईंनी डोळे मिटले. आलाप संपला, डोळे उघडले. "हां. एवढं." मी मोबाइलवर वेळ लावली होतीच. पंचवीस सेकंद. खड्ड्याच्या तळापासून वरपर्यंत पंचवीस सेकंद! पुण्याच्या ऑफिसात बसून हा आकडा जन्मात सापडला नसता.

निघताना विचारलं, "एका प्रयोगात देवी किती वेळा वर येते?"

"एकदाच ना जी," कैलाशभाऊ म्हणाले. "शेवटीच तर येते."

लिहून घेतलं.

१४ सप्टेंबर

आज वजनाचं रामायण.

देवीचं वजन विचारलं. शामकलाबाई म्हणाल्या, "लिही, पन्नास." मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी पन्नास लिहिलं. मुकुट, लाकडी हात आणि जरीची साडी मात्र किराणा दुकानातल्या काट्यावर चढवली, अकरा किलो. आठ हातांतले सहा लाकडाचे आहेत, त्यातला एक सारखा निसटतो.

शेडवर आल्यावर रत्नपालदादानं तो पन्नासचा आकडा पाहिला. हातातलं होल्डर खाली ठेवून तो इतका हसला, इतका हसला की समोरच्या ढाब्यावरचे ट्रकवाले पाहायला आले. "पन्नासची देवी मी शाळेत होतो तेव्हा होती." मग आम्ही गुपचूप दोन कट्टे धान धरले, म्हणजे ऐंशी किलो. वरून आठ हात. वरून माझी भीती. असं करून दीडशेचं डिझाइन केलं.

२३ सप्टेंबर

सकाळी सकाळी कैलाशभाऊंचा फोन. "मॅडम, त्रिशूळ हातात नको. फळीलेच बसवून द्या. डाव्या बाजूनं. अन् असा बसवा की मानूस टेकला तरी हलला नाही पाह्यजे."

"माणूस कशाला टेकेल?"

"नाही, म्हटलं, टेकला तर."

फोन ठेवला आणि मी टाळीच वाजवली. अहो, त्रिशूळ जमिनीतूनच उगवल्यासारखा दिसेल! देवीच्याही आधी त्रिशूळाची टोकं वर येतील, मग मुकुट, मग चेहरा! हे लोक शिकलेले नसले तरी स्टेज यांच्या रक्तात आहे. दीड इंची पाइप घेते. बाजूनं चाळीस किलोचा जोर आला तरी बोटभरही झुकायचा नाही.

त्यांनी आणखी एक विचारलं. ही मशीन पुढे घरी बसवता येईल का, घराला चार पायऱ्या आहेत म्हणे. घरीसुद्धा सराव करायचा! या वयात! जिद्द असावी तर अशी.

दसरा

दादा नागपूरला दीक्षाभूमीवर गेला आहे, शेड बंद. मी घरी बसून चार खटक्यांचं डिझाइन केलं. फळी वर आली की चारही कोपऱ्यांत आपोआप खट् करून बसणार आणि देवी कितीही थयथयाट करो, हलणार नाही. गाडीच्या सीटला जो खटका असतो त्याचाच हा मोठा भाऊ. एकदा बसला की कोणाच्या बापाला सुटायचा नाही. आई म्हणाली, सणाच्या दिवशी तरी लोखंड सोड. म्हटलं, आज तर अवजारांचीच पूजा असते, मी पूजाच करून राहिले.

१२ ऑक्टोबर

'धक्का नको' याचा आकडा सापडत नव्हता, दोन आठवडे डोकं खाल्लं. आज सापडला! फळीवर काठोकाठ भरलेला चहाचा ग्लास ठेवायचा. तळापासून वरपर्यंत थेंबही सांडला नाही तर धक्का नाही. सांडला तर आहे. बास! आता हे कुणीही पाहून सांगेल, ना इंजिनिअर लागतो ना मशीन.

सकाळपासून समोरच्या ढाब्याचा चहा आम्ही फळीला पाजून राहिलो आहोत. पहिल्यांदा अर्धा ग्लास सांडला. गरारी, म्हणजे वायरची कप्पी, बदलली. मग थोडाच सांडला. दादानं विंचला, म्हणजे वायर गुंडाळून फळी वर ओढणाऱ्या चक्राला, ग्रीस भरलं, हँडलचा दांडा लांब केला, पुन्हा फिरवलं. ढाब्यावरचे सगळे उठून भोवती जमले. फळी वर, वर, वर. खट्, खट्, खट्, खट्. ग्लास जसाच्या तसा! एका सरदारजी ड्रायव्हरनं तो ग्लास उचलून पिऊन टाकला आणि म्हणाला, "मॅडमजी, हमारे ट्रक में भी लगा दो." मी नाचले. खरंच नाचले, चौकात.

१७ ऑक्टोबर

शामकलाबाई आज मशीन पाहायला आल्या. मेटॅडोरमधून उतरायलाच एवढा वेळ लावला की मला वाटलं मेकअप करून राहिल्या आहेत. उतारानं चालत फळीवर आल्या, डावा हात त्रिशूळावर ठेवला. दादानं विंच फिरवली. वर आल्या तेव्हा डोळ्यांत पाणी.

"धूर लागला का बाई? वेल्डिंगचा धूर वाईटच."

"हाव," त्या म्हणाल्या. "धूरच आहे."

मग त्रिशूळावर सगळा भार टाकून पाहिला. तो हलला नाही. कैलाशभाऊ म्हणाले, "आता कवडूच्या तोंडाले कुलूप लागते पाहा." बाई त्यांना म्हणाल्या, "तुम्ही चूप राहा जी," पण ओठ हसत होते. रिंकूही आली होती. मला तिचा राग यायला पाहिजे होता, तीच तर बाईंची जागा घेणार आहे. पण ती पोरगी बाईंची चप्पल हातात घेऊन उभी होती. गोड आहे, पण मनात काय असेल सांगता येत नाही.

७ नोव्हेंबर

दिवाळी आली आणि गेली, मी पाहिलीच नाही.

सौंदडला मशीन बसली. धान कापलेल्या शेतात, बांधीतच, स्टेज उभं राहिलं आहे, खाली पाच फुटांचा खड्डा, मागून उतार. कवडूभाऊ येऊन पाहून गेले. पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा, मागे चार माणसं. खड्ड्यात वाकून म्हणाले, "पाहू आता. देवी बरोबर नाही आली, तर मी तिथूनच माइकवर सांगतो का पुढच्या सालापासून रिंकू." आणि हसले. मला त्यांना विंचला बांधावंसं वाटलं.

उद्या प्रयोग.

९ नोव्हेंबर

दोन्ही तळव्यांना हळद लावली आहे, पेन दोन बोटांत धरून लिहून राहिले. पण लिहिणारच. आज नाही लिहिलं तर फुटून जाईन मी.

पहाट झाली होती. बांधीत जिकडेतिकडे माणूसच माणूस, ब्लँकेटं, शाली, कडेला शेकोट्या. आम्ही खड्ड्यात. दादा विंचवर, मी बाजूला आणि फळीवर आठ हातांच्या शामकलाबाई. त्यांनी खऱ्या दोन हातांपैकी एक माझ्या डोक्यावर ठेवला. वर कैलाशभाऊंचा आलाप सुरू झाला आणि दादानं हँडल फिरवलं. आधी त्रिशूळ गेला, मग मुकुट, मग देवी. खट्, खट्, खट्, खट्.

आणि वर जो काही आरडाओरडा झाला! स्टेजच्या फळ्यांतून माती आमच्या डोक्यावर पडली. मी रत्नपालदादाला मिठीच मारली. "सोड वो, विंच धरून आहो मी," तो ओरडला. वर देवी गरजत होती, नणंदेचं भस्म होत होतं, रिंकूची किंकाळी, लाइट गेला, आला. बस, जिंकलो! आता पडदा पडणार!

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!"

मग दहा जण. मग सगळी बांधी. आणि माइकवर कवडूभाऊ, "कमिटीकडून देवीले वन्स मोअर! पुन्हा जमिनीतून आली पाह्यजे!"

मी वर खटक्यांकडे पाहिलं. आमच्याकडे वन्स मोअर म्हणजे नुसतं कौतुक नसतं. जे मागितलं ते कलाकारानं आत जाऊन पहिल्यापासून पुन्हा करायचं, नाही केलं तर लोक त्याला उतरला म्हणतात. मी स्वतः लहानपणी घसा बसेपर्यंत वन्स मोअर ओरडलेय. मी इथलीच! आणि माझ्या कागदावर लिहिलं होतं, एका प्रयोगात एकदा.

"आन ना मंग खाली," दादा म्हणाला.

"नाही येत! भरल्या वजनानं खाली यायची सोयच नाही केली. फळी रिकामी झाली तरच हे खटके सुटतात!"

मग मीच म्हटलं, बाई विंगेच्या पायऱ्यांनी उतरून येतील, उतारानं पुन्हा आत.

तेवढंच तर करायचं होतं. मी फटीतून वर पाहिलं. बाई उभ्या होत्या. डावा हात त्रिशूळावर एवढा आवळलेला की बोटं पांढरी. लोक ओरडत होते, कैलाशभाऊ तोच आलाप पुन्हा पुन्हा वाजवत होते आणि बाईंचा पाय काही उचलत नव्हता.

उतारावरून धाड धाड करत रिंकू आली, तोंडाला भस्म फासलेलं. "ताई, काही करा ना! बाईचा गुडघा अडकला."

"कोणता गुडघा?"

"कोनता म्हणजे? डावा! दोन साल झाले, नाचता येत नाही, पायरी उतरता येत नाही. तुम्हाले नाही माहीत?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "मंग तुम्ही मशीन कायसाठी बनवली?"

मी दादाकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. त्याला माहीत होतं! सगळ्यांना माहीत होतं! तबलेवाल्यांना, शेजाऱ्यांना, चहावाल्याला. बाईंसमोर कुणी नाव काढायचं नाही, एवढाच सगळ्यांचा नियम. आणि मी शहाणी, सौंदर्यदृष्टी म्हणत बसले! पायरी नको, धक्का नको, निलगिरी, त्रिशूळ, घरच्या चार पायऱ्या. प्रत्येक बोलण्याला मी आकडा लावला आणि काऊन, हे एकदाही विचारलं नाही. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती. रडूच फुटणार होतं, पण वेळ नव्हता.

"दादा, विंच उलटी फिरत नाही, तिची वायर सोड! ट्रकचा दोर बांध!"

"अन् धरन कोन?"

"आपण!"

फळी अर्धा बोट वर उचलल्याशिवाय खटके सुटत नाहीत. ताडपत्री बांधायचा जाड दोर दादानं गरारीवरून घेतला, रिंकू आणि तो त्याला लोंबकळले. फळी जराशी उचलली. मी दोन हातांनी दोन खटके दाबले, तिसरा डोक्यानं आणि चौथा पायानं, कशी उभी होते ते मला विचारू नका. सुटले! मी झेप घेऊन दोर धरला. मग आम्ही तिघं इंच इंच दोर सोडत गेलो आणि देवी आली खाली, मंद, आलापाच्या तालावर, लोकांच्या डोळ्यांसमोर जमिनीत शिरली. वरचे लोक वेडेच झाले! देवी जमिनीत परत जाते हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं!

बाई खाली पोचल्या, आमच्याकडे पाहिलं. मी दोराला, रिंकू माझ्या कमरेला, दादा सगळ्यांच्या खाली. "पोरीहो," त्या म्हणाल्या, "जमते काय?"

"जमते! जा तुम्ही!"

आणि आम्ही ओढलं. आम्ही खाली, देवी वर. रिंकूला हसू फुटलं, मग मला, मग दादाला, आणि हसताना दोर धरता येत नाही हो! देवी मध्येच थरथरली, वर लोकांना वाटलं अंगात आली, आणखी टाळ्या! पुन्हा वन्स मोअर. पुन्हा खाली. पुन्हा वर. चहाचा ग्लास ठेवला असता तर चहासकट ग्लासही गेला असता. माझे तळवे सोलले, रिंकूचं अर्धं भस्म माझ्या तोंडाला लागलं. आणि आम्ही हसतोच आहोत.

चौथ्या वेळी वर पोचल्यावर पुन्हा आरोळी उठली. शामकलाबाईंनी हात वर केला. देवीच्या आवाजात, तोच गरजणारा आवाज, ज्यानं मी लहानपणी रडायचे, त्या म्हणाल्या, "सौंदडवाल्यांनो! देवी आणखी दहा खेप येईन! पण देवीचा गुडघा गेला आहे. आता देवीले खुर्ची द्या!"

ऑर्गन बंद पडला. कैलाशभाऊंचे हात तसेच हवेत. दोन वर्षं त्या बाईनं हे स्वतःच्या तोंडानं कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. सांगितलं ते पाच हजार माणसांना.

फटीतून मला दिसलं. कवडूभाऊ उठले. स्वतःची लाल गादीची अध्यक्षाची खुर्ची डोक्यावर घेतली, कुणाला हात लावू दिला नाही. स्टेजवर आणली, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसली आणि देवीच्या मागे ठेवली. बाई बसल्या. अगदी ऐसपैस बसल्या. आणि मग कवडूभाऊंनी माइक घेतला, "पुढच्या सालची तारीख आत्ताच धरा! देवी हेच पाह्यजे! बसून आली तरी चालते, झोपून आली तरी चालते!"

खाली खड्ड्यात आम्ही तिघं मातीत बसलो होतो. रिंकू हसून राहिली होती की रडून, कळत नव्हतं. "बरं झालं बापा," ती म्हणाली. "मले नव्हतं देवी व्हाचं. त्या बाईसारखं कोनाले गरजता येते? मी रोज रात्री म्हणो, मशीन जमू दे, मशीन जमू दे." मी तिला जवळ घेतलं. मनात काय असेल सांगता येत नाही, असं लिहिलं होतं मी. फटके द्यायला पाहिजेत मला.

१० नोव्हेंबर

दुपारी मेटॅडोर आली. शामकलाबाई उतरल्या, आज लपवाछपवी नाही. कैलाशभाऊंचा हात धरून, मागच्या बाजूनं, "आई वो, मेली वो" करत. सरळ येऊन माझ्याच खुर्चीत बसल्या. मी स्टुलावर.

मी माफी मागायला तोंड उघडलं. "वन्स मोअरचं मी विचारायला पाहिजे होतं..."

"ते का सांगावं लागते काय?" कैलाशभाऊ खरोखर चकित झाले.

"तुम्ही चूप राहा जी," बाई म्हणाल्या. "पोरी, कागद घे. आता मी सांगतो अन् तू लिही. माहं वजन पन्नास नाही. ब्याऐंशी आहे."

दादा आतून खोकला. मी ब्याऐंशी लिहिलं.

"गुडघा डावा. थंडीत जास्त दुखते. घरच्या चार पायऱ्या, दिवसातून दहा खेपा चढतो, दर खेपेले मरतो. खाली बसून संडास होत नाही, ते पहिले कर. मेटॅडोर उंच आहे, मांडी उचलत नाही. खाली जाचं जमलं पाह्यजे, वर जाचं जमलं पाह्यजे, वन्स मोअर कितीक येवो."

बापरे, कसं सुटलं होतं त्यांचं बोलणं! एकही 'हळू' नाही, एकही 'नको' नाही. मी लिहितेय, विचारतेय, काऊन, कधीपासून, कोणत्या पायावर आधी, रात्री की दिवसा, आणि त्या सांगताहेत. पुण्यात एवढं स्वच्छ सांगणारं गिऱ्हाईक मला एकही भेटलं नव्हतं. हाताची आग होत होती आणि मला थांबावंसं वाटत नव्हतं. मग त्या जरा थांबल्या.

"अन् आणखी एक. मले मरेपर्यंत देवीच राह्यचं आहे. त्याचा काय आकडा होते?"

कैलाशभाऊ हायवेवरचे ट्रक पाहू लागले. पण आकडा विचारला होता, आणि असा आकडा आमच्या कामात असतोच, मशीन किती वर्षं टिकली पाहिजे तो. मी विचारलं, "बाई, तुमचं वय?"

"चौपन."

"मग किती वर्षं धरू?"

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "धर ना तीस."

"लोखंडाचं मी पाहतो," दादा आतून ओरडला. "तीस साल मोडत नाही. बाई, तुमचं तुम्ही पाहा!"

"माहं मी पाहतो," त्या म्हणाल्या.

मी लिहिलं, आयुष्य, तीस वर्षं. कागद त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा लावून शेवटची ओळ नीट वाचली, कैलाशभाऊंकडे एकदा पाहिलं आणि कागद मला परत दिला.

"पस्तीस कर," त्या म्हणाल्या.